थंडी उताराला वाहते : सातारा-सांगलीच्या हिवाळी रस्त्यांवर निघण्यापूर्वी

डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या पहाटे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी गवतावर, बोटी लागतात तिथल्या फळ्यांवर आणि रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या टपावर पांढरा थर बसतो. पर्यटक तो नखाने खरवडतात, तळहातावर घेऊन फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, महाबळेश्वर गोठलं. पण त्याच पहाटे गावातल्या वेधशाळेच्या तापमापकाने आठ-दहा अंश दाखवलेले असतात. मग चहाच्या टपरीवर वाद रंगतो, खोटं कोण बोलतंय म्हणून.

खोटं कुणीच बोलत नाही. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, झरोक्यांच्या पेटीत टांगलेला असतो. निरभ्र रात्री जमिनीलगतचं गवत आणि गाडीचा पत्रा त्या पेटीतल्या हवेपेक्षा कितीतरी जास्त थंड होतात. त्यात तलाव आहे खोलगटात. थंड हवा जड असते. वारा पडलेल्या रात्री ती डोंगरउतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि सखल जागी साचून राहते.

सातारा-सांगलीत हिवाळ्यात प्रवास करणाऱ्याने एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ आहे. ‘जितकं वर जाल तितका गारठा जास्त’ हे दुपारी खरं असतं. पहाटे बऱ्याचदा उलटं होतं. पाचगणी वाईपेक्षा जवळजवळ दोन हजार फूट उंच, पण डिसेंबरातल्या पहाटे वाईच्या घाटावर हुडहुडी भरलेली असताना पाचगणीच्या टेबललँडवर नुसत्या स्वेटरवर फिरता येतं. वरून खाली पाहिलं तर धुक्यामुळे सगळं खोरं दुधाने भरलेल्या परातीसारखं दिसतं. फोटोला ते फार छान. पण तुम्हाला त्या परातीतूनच गाडी हाकायची असते.

आपल्याकडच्या हिवाळ्यात माणूस थंडीने मरत नाही. आटपाडी-जत भागात पहाटे बारा अंश आणि दुपारी तीस, असा मामला. सकाळी कानटोपी आणि दुपारी उसाचा रस. युरोप-कॅनडात मुलगा-सून असलेली मंडळी तिथल्या बर्फाच्या गोष्टी सांगतात तेव्हा आपली थंडी लटकी वाटते. आपल्याकडे धोका असतो तो धुक्याचा, आणि त्या धुक्यात न दिसणाऱ्या उसाच्या ट्रॉलीचा. दोन्ही एकाच वेळी, एकाच रस्त्यावर, नेमक्या त्याच महिन्यांत भेटतात.

धुकं कुठे पडतं याचा अंदाज नकाशावरून बांधता येतो. जिथे थंड हवा साचते आणि ओलही असते, तिथे ते हमखास. पुणे-बेंगळुरू महामार्गाने दक्षिणेला निघालात की खंबाटकी उतरल्यावर भुईंजजवळ कृष्णा लागते. साताऱ्याच्या पुढे उरमोडी, उंब्रजला तारळी, कऱ्हाडच्या दाराशी वारुंजीजवळ कोयना. प्रत्येक नदीच्या अलीकडे-पलीकडे मैलभर पट्टा असा असतो की आत्तापर्यंत स्वच्छ दिसणारा रस्ता अचानक पांढऱ्या भिंतीत शिरतो. कऱ्हाडात तर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि भोवती कालव्याच्या पाण्यावर उभा असलेला ऊस. पुढे पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळलात की वाळवा, आष्टा, थेट कृष्णाकाठ, सगळा भिजलेल्या काळ्या जमिनीचा पट्टा. पलूस-तासगावकडे द्राक्षबागा. बागायतदार या दिवसांत पहाटे उठून आधी आभाळ बघतो, कारण धुकं आणि दहिवर म्हणजे त्याला दावण्या आणि भुरीची धास्ती. धुकं किती पडतं हे त्याला विचारा, मोबाइलपेक्षा नेमकं सांगेल.

याउलट माण-खटाव, आटपाडी, जत, खानापूर या माळरानांवर हवा कोरडी. गारठा बोचरा, ओठ फुटतात, पण रस्ता दिसतो. विट्याहून निघणारा आणि सांगलीहून निघणारा, दोघांनी एकाच वेळी निघायचं कारण नाही.

किती वाजता निघायचं, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बहुतेकांचं चुकतं. आपला हिशेब असतो की उजाडलं की दिसायला लागेल, म्हणून पहाटे साडेपाचला बाहेर पडायचं. पण धुकं अंधारात सगळ्यात दाट नसतं. पुष्कळदा ते सूर्य उगवल्यावर घट्ट होतं. कोवळ्या उन्हाने गवतावरचं दव उडतं, हवा किंचित हलते आणि जमिनीलगत पडून असलेला पातळ पदर माणसाच्या डोक्याइतका उंच होतो. तो उठायला ऊन तापावं लागतं, म्हणजे साडेआठ-नऊ. आणि एक गंमत अशी की संक्रांतीला दिवस तिळातिळाने वाढू लागला म्हणतात ते खरं, पण तो वाढतो संध्याकाळच्या बाजूने. सकाळ उलट आणखी उशिरा सरकते. जानेवारीच्या मध्यात आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावरच उगवतो, वर्षातला सगळ्यात उशिरा. त्यामुळे ‘संक्रांत झाली, आता काय थंडी’ म्हणणाऱ्याने सहाच्या अंधारात महामार्गावर यावं हे मला पटत नाही.

उद्या धुकं पडणार का, हे आज संध्याकाळीच कळू शकतं. हवामान खात्याचा अंदाज पाहाच, पण गावाकडे असाल तर गुऱ्हाळाच्या धुराड्याकडे नजर टाका. धूर वाऱ्याने फाटत, पसरत वर चढत असेल तर रात्र निर्धास्त. पण तो सरळ उभा चढून ताडाच्या उंचीवर अडतो आणि चादर अंथरल्यासारखा आडवा पसरतो, तेव्हा समजा की वर ऊबदार हवेचं झाकण बसलंय. आभाळ चांदण्यांनी लखलखतंय, पान हलत नाही आणि धूर असा आडवा झालाय, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की सकाळी साडेआठच्या आत गाडी काढू नका. आभाळ भरून आलं तर ढग गोधडीसारखे काम करतात, रात्र उबदार जाते आणि असं धुकं सहसा पडत नाही. उत्तरेत, हिमालयात बर्फ पडून आभाळ मोकळं झाल्याची बातमी आली की तिकडचा कोरडा वारा दोन-तीन दिवसांनी इकडे गारठा घेऊन येतो. तो वारा थांबला की पुढच्या रात्री जपायच्या.

आता समजा, निघावंच लागलं. दवाखाना आहे, परीक्षा आहे, सकाळची गाडी आहे. तर धुक्यात अप्पर लावू नका. वरचा झोत धुक्याच्या थेंबांवर आदळून तुमच्याच डोळ्यांत परत येतो आणि समोर चुना फासल्यासारखं होतं. डिपर ठेवा. खाली बसवलेले फॉग लॅम्प असतील तर तेही लावा. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवून गाडी चालवायची एक फॅशन आली आहे, ती चुकीची. मागच्याला कळत नाही की तुम्ही थांबलाय, वळताय की चाललाय. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी आहेत. समोरची काच आतून धुरकटली की पुसत बसू नका. एसी चालू करून वारा काचेवर सोडा, बाहेरची हवा आत येऊ द्या. थंडीत एसी कशाला, असं बायको विचारेल. एसी हवेतली ओल काढून टाकतो, काच मिनिटभरात लख्ख होते.

आणि कुणाच्या मागच्या दिव्यावर विश्वास टाकून जाऊ नका. हा सल्ला मी पुस्तकातून दिलेला नाही. काही वर्षांपूर्वी कऱ्हाडच्या अलीकडे मी एका ट्रकचे दोन लाल दिवे धरून निवांत चाललो होतो. माझे दिवे धरून मागे आणखी तीन गाड्या. ट्रक डावीकडे वळला, आम्ही चौघे त्याच्यामागे वळलो, तो थांबला, आम्ही थांबलो. अंगावर ब्लँकेट गुंडाळलेला एक पोरगा धुक्यातून आला आणि खिडकीवर टकटक करून म्हणाला, “किती टाकायचं, सायेब?” आम्ही सगळे पेट्रोल पंपावर होतो. हसून सुटलो. ट्रक पंपाऐवजी एखाद्या अर्धवट पुलाच्या कामाकडे वळला असता तर? शेंद्र्यापासून कागलपर्यंत रस्ता सहापदरी करण्याचं काम काढल्यापासून या पट्ट्यात वळणरस्ते येतात, जातात, बदलतात. महिन्यापूर्वी पाठ असलेला रस्ता आज तसाच असेल असं धरू नका. डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून चाला. दुभाजकाकडची धरली तर मागून येणाऱ्या वेड्याच्या तोंडी जाल.

वेगाचा हिशेब तोंडी करता येतो. ताशी 80 च्या वेगात गाडी एका सेकंदाला 22 मीटर जाते. समोर काहीतरी दिसणं, ते काय आहे हे डोक्यात शिरणं आणि पाय ब्रेकवर जाणं, यात सव्वा-दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच 30 मीटर संपले. दाट धुक्यात दिसतं 50 मीटर. उरलेल्या 20 मीटरांत 80 ची गाडी थांबत नाही. 40 ची थांबते. 50 मीटरांच्याही आत दिसायला लागलं तर हवामान खातं त्याला अतिदाट धुकं म्हणतं. अशा वेळी कुठल्या तरी धाब्याच्या आवारात गाडी घाला आणि चहा मागवा. रस्त्याच्या साइडपट्टीवर थांबू नका, मागून येणाऱ्याला तुम्ही चालती गाडी वाटता.

ऊस हा स्वतंत्र विषय आहे. नोव्हेंबरात गाळप सुरू झालं की मार्च-एप्रिलपर्यंत हे दोन जिल्हे उसाच्या मागे धावत असतात. भुईंजचा किसन वीर, शेंद्र्याचा अजिंक्यतारा, कऱ्हाडचा सह्याद्री, रेठऱ्याचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा, कुंडलचा क्रांती, वांगीचा सोनहिरा, सांगलीचा वसंतदादा. यातल्या प्रत्येक कारखान्याकडे चहूबाजूंनी ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या रात्रंदिवस येत असतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर ट्रॉलीबाहेर हात-दोन हात आलेली मोळ्यांची टोकं.

अशा ट्रॉलीच्या मागे एकदा दिवसाउजेडी गाडी उभी करून नीट बघा. मागचा लाल दिवा असतो, पण त्याच्यावरून वाढं लोंबत असतं. रिफ्लेक्टरची पट्टी कारखान्याने हंगामाच्या सुरुवातीला लावलेली असते, तिच्यावर दोन महिन्यांचा चिखल. उसाचा रंग धुळकट, रस्त्याच्या रंगाशी मिळणारा. तुमच्या दिव्याचा उजेड त्या पाचटात जिरून जातो, उलटून येत नाही. ट्रॅक्टरचा वेग ताशी पंधरा-वीस. मागून साठने येणाऱ्याला ती ट्रॉली चालती वाटतच नाही, कारण वाटण्याआधीच ती समोर असते. ट्रॅक्टरवर टेप मोठ्याने लावलेला, तुमचा हॉर्न चालकापर्यंत पोचत नाही. आणि तो बिचारा रात्रभर वजनकाट्यावर नंबर लागायची वाट बघत जागा असतो, सकाळची खेप पेंगत ओढत असतो. त्याला शिव्या देऊन रस्ता सुरक्षित होणार नाही.

म्हणून कारखान्याच्या दहा-पंधरा किलोमीटर परिघात, धुकं असो-नसो, अंधारात पुढे ट्रॉली आहेच असं धरून चाला. रस्त्यावर पाचट, वाढं, एखाद-दुसरा पडलेला ऊस दिसू लागला म्हणजे ट्रॉली नुकतीच गेली. शेतातून रस्त्यावर चिखलाच्या चाकोऱ्या आल्या असतील तर तिथे फड चालू आहे, आडरस्त्याने ट्रॅक्टर बाहेर येईल. ओल्या चिखलावर दुचाकी घसरते, तीही सरळ रस्त्यात. दोन ट्रॉल्यांची ओळ ओलांडताना लांबीचा अंदाज हमखास चुकतो. पुढचा रस्ता पूर्ण दिसेपर्यंत मागे राहा, पाच मिनिटं जातील.

दुचाकीवाल्यांसाठी वेगळं. पहाटेच्या रस्त्यावर सगळ्यात जास्त तेच असतात, दूधवाले, एमआयडीसीची पहिली पाळी, क्लासला निघालेली पोरं. बारा अंशांत पन्नासच्या वेगाने गाडी चालवली की अंगाला लागणारा गारवा आठेक अंशांसारखा असतो. बोटं बधिर होतात, मग ब्रेक वेळेवर दाबला जात नाही. हातमोजे म्हणजे चैन नव्हे, तो ब्रेकचा भाग आहे. जाकिटाच्या आत छातीशी वर्तमानपत्राचा घडीचा कागद घालायची आपल्या वडिलांच्या पिढीची युक्ती आजही उत्तम चालते. हेल्मेटची काच धुरकटत असेल तर भांडी घासायच्या साबणाचा थेंब आतून चोळून कोरड्या फडक्याने पुसून घ्या, आणि काच बोटभर उघडी ठेवा. काळं जाकीट, काळी शाल, काळी गाडी असा थाट नको.

घाटांचं फार सांगण्यासारखं नाही. पसरणी, केळघर, कुंभार्ली यांचा वरचा भाग हिवाळ्यात बहुधा मोकळा असतो, पावसाळ्यापेक्षा कितीतरी बरा. दोनच गोष्टी. सकाळी पाचगणीहून वाईकडे पसरणी उतरताना काही वळणांवर ऊन थेट डोळ्यांत येतं, काच बाहेरून स्वच्छ पुसूनच निघा. आणि उतार संपत आला की धुक्याचा पृष्ठभाग समोर दिसतो, त्यात शिरायच्या आधी वेग कमी करा, शिरल्यावर नव्हे. खंबाटकीच्या बोगद्यात थंडीतून उबदार हवेत शिरताना काचेवर बाहेरून क्षणभर झाक येते, वायपरवर हात तयार ठेवा.

हिवाळा म्हणजे आपल्याकडे यात्रांचाही हंगाम. दत्तजयंतीला औदुंबर, पुसेगावला सेवागिरी महाराज, पौषात पालीचा खंडोबा, आणि शाकंभरी पौर्णिमेला मांढरदेवची काळूबाई. औदुंबर ऐन कृष्णाकाठी, म्हणजे धुक्याच्या घरातच. मांढरदेव डोंगरमाथ्यावर, तिथे वारा झोंबतो. तिथली 25 जानेवारी 2005 ची चेंगराचेंगरी कुणी विसरलेलं नाही. लहान पोरं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर मुख्य दिवस टाळून आधी-मागे दर्शन घ्या, देवीची काही हरकत नसते. रात्री रस्त्याने पायी जाणाऱ्यांनी उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालावं आणि घोंगडीवर एखादं पांढरं उपरणं टाकावं.

स्वतःची गाडी नसेल तर गावातली मुक्कामी एसटी मला आजही सगळ्यात भरवशाची वाटते. उंच बसलेला, रस्ता पाठ असलेला चालक आणि वेगाची हाव नाही. फक्त खिडकीची काच बंद होते का बघून बसा, न होणारी काच सगळ्या प्रवासाचा सूड घेते. दमेकरी, हृदयविकाराचे रुग्ण यांनी पहिल्या बसचा हट्ट धरू नये, आणि मधुमेहींनी उपाशीपोटी निघू नये.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी एक. आपल्याकडचं आभाळ निरभ्र असलं तरी उत्तरेतलं धुकं मिरजेपर्यंत पोचतं, वेळापत्रकातून. निजामुद्दीनहून वास्कोला जाणारी गोवा एक्स्प्रेस याच मार्गाने धावते, आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडच्या धुक्यात निघतानाच रखडली की इकडे काही तास उशिरा येते. खानापूर-आटपाडीकडचे, उत्तरेत सोनं-चांदी गाळायचं काम करणारे गलाईवाले, सुटीवर येणारे जवान, यांना हे तोंडपाठ आहे. त्यांना आणायला जाणाऱ्या पाहुण्याने मात्र गाडीची खरी वेळ बघूनच घर सोडावं, नाहीतर पहाटे चारला फलाटावर कुडकुडत बसायची वेळ येते.

महाबळेश्वर-पाचगणीत मुक्काम करणाऱ्यांना शेवटची सूचना कळकळीची आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात निखारे ठेवून झोपू नका. त्यातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. गाडीचं इंजिन चालू ठेवून काचा लावून झोपणं हाही तोच प्रकार. शेकोटी अंगणातच पेटवा. अपघात किंवा आजारपण उद्भवलं तर रुग्णवाहिकेला 108, पोलीस-मदतीला 112 आणि राष्ट्रीय महामार्गावर 1033, हे तीन आकडे मोबाइलमध्ये नुसते साठवू नका, पाठ ठेवा.

आणि हे वाचणारा कुणी ट्रॅक्टरमालक, चालक असेल तर त्याला दोन शब्द. फडातून निघताना मागच्या रिफ्लेक्टरवर ओलं फडकं एकदा फिरवा आणि दिव्यावर लोंबणारं वाढं कोयत्याने छाटा. रस्त्यात टायर बसला तर ट्रॉलीच्या मागे पन्नास पावलांवर एखादी पांढरी गोणी, झाडाची फांदी ठेवा. चाक बदलून झाल्यावर तुम्ही निघून जाता, पण चाकाखाली लावलेले दगड तिथेच राहतात, आणि तासाभराने धुक्यातून दुधाच्या किटल्या घेऊन कुणीतरी येतो. ट्रॉली हलवली की ते दगड उचलून रस्त्याच्या कडेला टाका.